धूर गेला, दिवा लागला

ट्रॅक्टरचं दुखणं आजवर धुरावरून ओळखलं जायचं. काळा धूर दिसला की नोझल नाहीतर एअर क्लीनर, निळा दिसला की इंजिन ऑईल खातंय, पांढरा दिसला की पंपाच्या टायमिंगपासून हेड गॅस्केटपर्यंत काहीही. गावातला मेकॅनिक शंभर फुटांवरून निदान करायचा आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. नव्या, फिल्टर लावलेल्या ट्रॅक्टरचं सायलेन्सर गार झाल्यावर आतून बोट फिरवून पाहा. हजार तास चाललेल्या इंजिनाच्या नळीतही बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळं निघालं तर मधली गाळणी फुटली आहे असं समजायचं. म्हणजे धूर गेला, पण धुराबरोबर ती खूणही गेली. तिच्या जागी मीटरवर एक दिवा आला. एक चौकट आणि तिच्यात ठिपके. त्याच्या शेजारी कधीकधी उष्णतेच्या लाटांचं दुसरं चिन्ह लागतं. हा दिवा लागला की ट्रॅक्टर सांगत असतो : माझ्यात काजळी साठली आहे, ती जाळायला मला थोडा वेळ दे.

हा ‘थोडा वेळ’ अमेरिकेत आणि युरोपात गेली बारा-पंधरा वर्षं शेतकऱ्यांच्या वादाचा विषय आहे. आपल्याकडे तो आत्ता कुठे सुरू होतो आहे. १ जानेवारी २०२३ पासून ३७ किलोवॅटच्या, म्हणजे ढोबळमानाने ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ‘ट्रेम ४’ हे उत्सर्जन मानक लागू झालं. मूळ तारीख ऑक्टोबर २०२० ची होती, ती पुढे सरकत सरकत इथवर आली. या गटाच्या खालच्या टप्प्यात एका किलोवॅट-तासामागे ०.४ ग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती ०.०२५ ग्रॅमवर आली. सोळापट कपात. नोझल सुधारून, पंप बदलून एवढी मजल मारणं अवघडच. त्यामुळे कॉमन रेल इंजेक्शन आलं, सेन्सर आले आणि काही ट्रॅक्टरांवर बॉनेटखाली तो मोठा डबा आला. कंपन्यांच्या भाषेत डीपीएफ, आपण त्याला काजळीची गाळणी म्हणू.

नियमामागचं कारण खोटं नाही, हे आधीच मान्य करून टाकू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. आपल्याकडे या नियमाची चर्चा होते ती ‘शहरातल्या प्रदूषणाचं खापर शेतकऱ्यावर’ या सुरात. मला तो सूर पटत नाही. अमेरिकेतला शेतकरी बंद, वातानुकूलित केबिनमध्ये बसतो. आपला ड्रायव्हर उघड्यावर बसतो आणि उभं सायलेन्सर बरोबर त्याच्या तोंडासमोर असतं. वारा उलटा फिरला की पहिला घोट त्याचाच. या गाळणीचा फायदा सगळ्यात आधी कुणाला होत असेल, तर आपल्याकडच्या बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला. प्रश्न गाळणी असावी की नसावी हा नाही. तिच्या वेळापत्रकाची किंमत कोण मोजतो, हा आहे.

आता डब्याच्या आत जाऊ. मधाच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी नळ्यांची चिनी मातीची वीट असते, कॉर्डिएराइट नाहीतर सिलिकॉन कार्बाइडची. एक नळी पुढून उघडी आणि मागून बंद, शेजारची पुढून बंद आणि मागून उघडी. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नाही म्हणून भिंतीतून झिरपतो आणि शेजारच्या नळीतून बाहेर पडतो. काजळी भिंतीवर अडकते. वजनाच्या हिशेबात ९५ टक्क्यांहून जास्त कण असे अडतात. अर्थात अडलेलं कुठेतरी गेलं पाहिजे, नाहीतर धुराची वाट बंद होऊन इंजिन गुदमरेल. गाळणीच्या आधी आणि नंतर दाबाचा फरक मोजणारा सेन्सर असतो. त्यावरून आणि इंजिन कसं चाललं याच्या हिशेबावरून संगणक ठरवतो की काजळी किती झाली.

ती जाळायचे मार्ग दोन. पहिला मार्ग आपोआपचा. गाळणीच्या आधी प्लॅटिनमचा मुलामा असलेलं एक उत्प्रेरक असतं, त्यात धुरातल्या नायट्रोजनच्या एका ऑक्साइडचं दुसरं होतं आणि ते साधारण अडीचशे ते चारशे अंशांतच काजळी खात जातं. इंग्लंडच्या जॉन्सन मॅथी कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी १९८९ च्या सुमारास ही युक्ती मांडली. नांगर जमिनीत उतरलेला आहे, इंजिन दमात ओढतंय, धूर गरम आहे, अशा वेळी हे काम ड्रायव्हरच्या नकळत चालू असतं. दिवा लागत नाही, कुणाला काही कळत नाही.

दुसरा मार्ग जबरदस्तीचा. काजळी केवळ उष्णतेवर जाळायची तर सहाशे अंशांच्या आसपास पोहोचावं लागतं आणि ट्रॅक्टर आयडलला असताना धूर दीडशे-दोनशे अंशांवर घुटमळत असतो. मग संगणक मुद्दाम जास्तीचं डिझेल सोडतो. काही इंजिनांत ते स्फोट होऊन गेल्यावर, पिस्टन खाली जात असताना सिलिंडरमध्येच सोडलं जातं, तर काहींत सायलेन्सरच्या नळीत वेगळ्या नोझलने. ते उत्प्रेरकावर जळतं, गाळणी तापते, काजळी जळून जाते. यालाच सगळे ‘रीजन’ म्हणतात. चालू कामात झालं तर आवाजात थोडा फरक पडतो, वास येतो, पंख्याचा जोर वाढतो. कामाचा भार पुरेसा नसेल किंवा मध्येच कुणी थांबवलं असेल, तर ट्रॅक्टर उभा करून रीजन मागतो. गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक ओढलेला, पीटीओ बंद, आणि बटण दाबलं की रेस आपोआप वाढते. वीस मिनिटं, अर्धा तास, कधी पाऊण तास. तेही टाळलं तर पिवळा दिवा लाल होतो, ताकद कमी केली जाते, आणि शेवटी शोरूमच्या माणसाने येऊन लॅपटॉप लावल्याशिवाय काही होत नाही. काजळी फारच साठलेली असेल तर लॅपटॉपही नकार देतो. एकदम पेटली तर वीट तडकते, म्हणून गाळणी काढूनच न्यावी लागते.

एवढं समजलं की या विषयावरच्या परस्परविरोधी तक्रारींचा उलगडा होतो. एक शेतकरी म्हणतो, मला या दिव्याचा काही त्रास नाही. दुसरा तेच मॉडेल घेतो आणि शपथा घालून सांगतो की हा ट्रॅक्टर नव्हे, जिवाला घोर आहे. दोघंही खरं बोलत असतात, फरक कामाचा असतो. अमेरिकेतल्या आयोवातला हजार एकरांचा मका-सोयाबीनवाला दिवसभर ओझ्याखाली इंजिन चालवतो, त्याची काजळी वाटेतच जळते. पाच-दहा एकरांचा मालक लोडरने चार बादल्या माती हलवतो, घोड्यांना गवत टाकतो, हिवाळ्यात दारातला बर्फ सारतो आणि वीस मिनिटांत किल्ली काढतो. त्याचं इंजिन तापतच नाही, आणि रीजन सुरू झालं रे झालं की ते बंद पडतं. जड कामासाठी आखलेली यंत्रणा हलक्या कामाच्या माणसाच्या गळ्यात पडली, आणि जास्तीत जास्त ओरड तिथूनच आली.

मग लोकांनी वाट शोधली. अमेरिकेत १९ किलोवॅटच्या, म्हणजे साधारण पंचवीस अश्वशक्तीच्या खालच्या इंजिनांना कणांची मर्यादा सैल आहे, गाळणीची गरज पडत नाही. त्यामुळे तिथे चोवीस-पंचवीसच्या काठावर बसणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांची रेलचेल झाली. चेसिस मोठं, लोडर मोठा, इंजिन मात्र नियमाच्या आत. आपल्या महिंद्रने अमेरिकेत याच अस्वस्थतेवर जाहिरात बेतली. त्यांची कॉमन रेल इंजिनं गाळणीशिवाय मानकात बसतात, म्हणजे रीजनची कटकट नाही, हा त्यांचा विक्रीचा मुद्दा होता. मोठ्या कंपन्यांतही मतभेद होते. थंड ज्वलनात काजळी जास्त, गरम ज्वलनात नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त. दोन्ही एकदम कमी होत नाहीत. जॉन डिअरने २०११ च्या टप्प्यात पहिली बाजू धरली : धूर परत इंजिनात फिरवून ज्वलन थंड ठेवायचं, काजळी गाळणीत अडवायची. केस आणि न्यू हॉलंडने दुसरी : इंजिन गरम आणि स्वच्छ जळू द्यायचं, ऑक्साइडं युरियाच्या द्रावणाने मारायची, गाळणीच नको. काही वर्षं विक्रेत्यांचा अर्धा वेळ एकमेकांच्या डब्यांची निंदा करण्यात गेला. युरोपच्या पाचव्या टप्प्याने २०१९-२० मध्ये हा वाद मिटवला. त्याने वजनाबरोबर कणांची संख्याही मोजायला घेतली आणि मग १९ किलोवॅटच्या वर गाळणी टाळणं जवळपास अशक्य झालं.

इंजिन ऑईलकडे वेगळं बघायला हवं, कारण नुकसान तिथून होतं आणि दिवा तिथलं काही सांगत नाही. सकाळी डिपस्टिक ओढा, पुसा, परत घालून ओढा. आपल्याला सवय आहे ती तेल कमी झालंय का हे बघायची. या इंजिनांत तेल वाढलंय का हेही बघायचं असतं. सिलिंडरमध्येच जास्तीचं डिझेल सोडणाऱ्या रचनेत त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑईलमध्ये उतरतं. रीजन पूर्ण झालं तर गरम तेलातून बरंचसं उडून जातं. चार वेळा सुरू होऊन चार वेळा मोडलं तर ते साठत जातं. मग तेल वरच्या खुणेच्याही वर दिसतं, काठीवरून पाण्यासारखं निथळतं, बोटांत चोळून नाकाशी नेलं की डिझेलचा वास येतो. असं पातळ तेल बेअरिंग सांभाळत नाही. फारच वाढलं तर ब्रीदरमधून इनटेकमध्ये जाऊन इंजिन स्वतःचंच ऑईल जाळत सुटू शकतं, मग किल्ली काढूनही ते थांबत नाही. ‘तेल भरपूर आहे, काळजी नाही’ हे जुनं समाधान इथे उलटं आहे.

तेलाची जातही महत्त्वाची. काजळी म्हणजे कार्बन, ती जळून जाते. पण इंजिन थोडंफार ऑईल जाळतंच, आणि त्यातली कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस अशी द्रव्यं राख होऊन गाळणीत बसतात. ती राख कुठल्याही रीजनने जळत नाही. म्हणून अशा इंजिनांना कमी राखेचं ऑईल लागतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) सीजे-४ आणि नंतरच्या सीके-४ वर्गात सल्फेटेड राखेवर एक टक्क्याची मर्यादा आहे. आपल्याकडे दुकानात ‘ट्रॅक्टरचं ऑईल द्या’ म्हटलं की जो डबा पुढे येतो तो पुष्कळदा जुन्या वर्गाचा असतो. दोनशे रुपये वाचतात आणि गाळणीचं आयुष्य कमी होतं. डिझेलच्या बाबतीत मात्र आपली बाजू चांगली आहे. एप्रिल २०२० पासून देशभर पंपावर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं, अमेरिकेच्या १५ पीपीएमपेक्षाही स्वच्छ. फक्त ते पंपावरून थेट टाकीत जायला हवं. कॅनमध्ये राहिलेलं, कुणाच्या ड्रममधून उधार घेतलेलं, रॉकेल मिसळलेलं डिझेल या यंत्रणेला चालत नाही.

राख काढायची तर गाळणी उतरवावी लागते. तीन हजार तास किंवा त्याहून पुढे ती वेळ येते. तिचं वजन करतात, भट्टीत तापवतात, उलट्या बाजूने हवेचे झोत मारतात, परत वजन करतात. गावाकडे पहिला मोह होईल तो वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने धुवायचा. तो टाळलेला बरा. पाण्याने राखेचा गिलावा होऊन भिंतीत बसतो, उत्प्रेरकाचा मुलामा निघतो, आणि उडालेली राख छातीत जाते ती वेगळीच.

उष्णतेबद्दल कंपन्यांची पुस्तकं दोन ओळी लिहितात, आपल्याकडे दोन पानं हवीत. उभ्या रीजनमध्ये गाळणी सहाशे अंशांपर्यंत तापते, बाहेर पडणारी हवाही नेहमीपेक्षा कितीतरी गरम असते. आता मळणीचा प्रसंग घ्या. ट्रॅक्टर मळणी यंत्राला जोडलेला, चहूकडे भुसा, बॉनेटच्या जाळीत कस्पटं अडकलेली. किंवा ऊसतोडीचा फड, बुडाखाली वाळलेलं पाचट. अशा जागी दिवा लागला तर बटण दाबायचं नाही. आधी रीजन रोखायचं बटण दाबून ट्रॅक्टर मोकळ्या जमिनीवर काढायचा, डब्याभोवतीची कस्पटं झटकायची, मग सुरू करायचं. रोखायचं बटण आहे ते यासाठीच. गोम अशी की ते एकदा दाबलं की विसरलं जातं.

आणि इथे आपल्याकडचा खरा पेच आहे. अमेरिकेत मालक आणि ड्रायव्हर बहुतेकदा एकच माणूस असतो. आपल्याकडे पन्नासच्या वरचा ट्रॅक्टर घेणारा पुष्कळदा भाड्याने चालवणारा असतो. बँकेचे हप्ते त्याचे, सीटवर दुसराच. आज एक ड्रायव्हर, दिवाळीनंतर दुसरा. एकरावर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला अर्धा तास थांबणं परवडत नाही, तो बटण दाबून पुढे जातो. दिवा पहिल्या ड्रायव्हरने पाहिलेला असतो, लॅपटॉपवाल्याचं बिल मालकाला येतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊस वाहतुकीत तर एकाच फेरीत दोन्ही टोकं सापडतात. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढत चढ चढणारं इंजिन गाळणीला आदर्श. तेच इंजिन कारखान्याच्या यार्डात रात्रभर दहा-दहा फूट पुढे सरकताना आयडलला ठेवलं की काजळीचं कोठार. रांगेत इंजिन बंद ठेवणं आणि भरलेल्या फेरीत मधेच रीजन न तोडणं, एवढ्या दोन सवयींनी निम्मा त्रास कमी होईल, असं यंत्रणेची रचना पाहता म्हणता येतं. पण त्या सवयी ड्रायव्हरला कुणीतरी शिकवायला हव्यात, आणि डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फोडून फोटो काढण्यात शिकवायचा अर्धा तास निघून जातो.

वैतागलेला माणूस शेवटी गाळणी काढून टाकायचं म्हणतो. अमेरिकेत याचा धंदाच झाला. तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप गाड्यांमधली यंत्रणा काढली गेली होती. ट्रॅक्टर त्या आकड्यात नाहीत, पण वृत्ती तीच. तिथे हे बेकायदेशीर आहे, दंड जबर आहे, आणि वापरलेला असा ट्रॅक्टर शोरूम परत घेताना कचरते. याच वैतागातून एक वेगळी लढाई उभी राहिली : दुरुस्तीच्या हक्काची. शेतकऱ्यांचं म्हणणं रास्त होतं. रीजन सुरू करायला कंपनीचं सॉफ्टवेअरच लागत असेल आणि ते फक्त शोरूमकडेच असेल, तर ऐन पेरणीत आम्ही तीन दिवस कुणाची वाट बघायची? कोलोरॅडोने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला. त्याच वर्षी पर्यावरण संस्थेनेही स्पष्ट केलं की स्वच्छ हवेच्या कायद्याचा आधार घेऊन कंपन्यांनी बाहेरची दुरुस्ती अडवू नये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दुरुस्तीच्या प्रश्नावरून जॉन डिअरला कोर्टात खेचलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आयोवाच्या राज्य जत्रेत सरकारने युरियाच्या यंत्रणेतल्या बिघाडावरून इंजिनाची ताकद एकदम कापण्याचे नियम सैल करण्याची घोषणा केली. गाळणी काढायची परवानगी मात्र कुणी दिलेली नाही.

आपल्याकडे अजून पाणी डोक्यावरून गेलेलं नाही, कारण पन्नासच्या वरचे ट्रॅक्टर विक्रीत शंभरात दहाच्या आत आहेत. शिवाय अमेरिकेतल्या पंचवीसच्या काठासारखा इथे पन्नासचा काठ तयार झाला आहे. एकोणपन्नास अश्वशक्तीचे, पण टॉर्कच्या आकड्यांनी भुलवणारे ट्रॅक्टर बाजारात आले. घेणाऱ्याने यात काही वावगं केलेलं नाही. पण हा काठ कायमचा नाही. ‘ट्रेम ५’ युरोपच्या पाचव्या टप्प्याच्या धर्तीवर आहे आणि त्यात १९ किलोवॅटच्या वर कणांची संख्याही मोजली जाते. म्हणजे आपल्या बाजाराचा कणा असलेला तीस ते पन्नासचा सगळा गट त्यात येतो. आधी त्याची तारीख एप्रिल २०२४ होती, ती एप्रिल २०२६ वर नेली गेली, आणि छोट्या ट्रॅक्टरांसाठी सवलतीचा उत्पादकांचा लकडा चालूच राहिला. द्राक्षबागेतले पंचवीसच्या खालचे छोटे ट्रॅक्टर या कणसंख्येच्या कचाट्यातून बाहेर आहेत.

मुदत मागणाऱ्या कंपन्या किमतीचं कारण देतात, आणि किंमत वाढणार हे खरंच आहे. मला जास्त काळजी वाटते ती लॅपटॉपची. पुण्यात एआरएआयसारखी वाहन-संशोधन संस्था आहे, शेजारी सणसवाडीला जगाला ट्रॅक्टर पाठवणारा कारखाना आहे. ज्ञानाचा दुष्काळ नाही. पण जिंतूर किंवा अहेरीच्या तालुक्यात काजळीचा आकडा वाचणारं यंत्र किती गॅरेजांत आहे? काही ट्रॅक्टरांवर काजळी किती टक्के हे मीटरवर दिसतं, काहींवर फक्त दिवा लागतो, तोही शेवटी. आकडा मालकाला दिसलाच पाहिजे आणि उभं रीजन शोरूमशिवाय करता आलं पाहिजे, या दोन अटी मानकातच घालायला हव्या होत्या. त्या नाहीत, म्हणून विकत घेतानाच विचाराव्या लागतात. सेल्समनला अश्वशक्ती आणि हायड्रॉलिकची उचल विचारून झाली की पुढचं विचारा : गाळणी आहे का, जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये सोडता की नळीत, काजळीचा टक्का कुठे दिसतो, बटणाने रीजन करता येतं का, कुठल्या वर्गाचं ऑईल, किती तासांनी राख काढायची, आणि ती भट्टी कुठल्या गावात आहे. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘कंपनीला विचारून सांगतो’ असं उत्तर येईल. ते उत्तर लेखी मागा, आणि ड्रायव्हर बरोबर न्या.